परस्पर रोवलेली पाटी

अंगणात पाटी रोवताना व्हर्लिन हॉस्टेटर गुणगुणत होता. राज्यातल्या दोन सरकारी विद्यापीठांनी, एक उत्तरेचं आणि एक दक्षिणेचं, त्याच्या मुलीला, एल्सीला, आपापल्या ऑनर्स प्रोग्राममध्ये, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या खास अभ्यासक्रमात, घ्यायचं कबूल केलं होतं आणि दोन्हींनी हौसेने अंगणात लावायला आपापल्या नावाच्या पाट्या धाडल्या होत्या. उत्तरेची निळी, दक्षिणेची लाल. निवड एल्सीने करायची होती आणि मुदत रविवारपर्यंत होती. आज कुठे सोमवार. पण व्हर्लिनला दम निघेना. त्याने निळी उचलली आणि ठोकली.

त्यालाही कारण होतं. तीस वर्षांपूर्वी उत्तरेच्या याच ऑनर्स प्रोग्रामने व्हर्लिनला दोन ओळींचं पत्र पाठवून वाटेला लावलं होतं. ते पत्र त्याने शेकोटीत टाकलं आणि गावभर सांगितलं, "मीच नाही म्हटलं. घरचा मका कोण काढणार?" लग्नाआधी डार्लालाही त्याने हेच ऐकवलं आणि ती बिचारी बावीस वर्षं नवऱ्याच्या त्यागाचं कौतुक करत आली. आता लेक तिथे गेली की सगळं उट्टं निघणार होतं.

या गावात अंगणातल्या पाटीवर कोणी शंका घेत नाही. संध्याकाळी शेजारच्या ओब्रेख्तबाई निळ्या अक्षरांचा केक घेऊन दारात हजर.

"काय रे, शेवटी उत्तरेला ना?"

"म्हणजे... जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?"

"म्हणजे हो," व्हर्लिन म्हणाला आणि केक हातात घेतला.

इथेच घोळ झाला. केक घेतल्यावर माघार कशी घेणार? ओब्रेख्तबाईंनी आपल्या भावाला, म्हणजे अग्निशमन दलाच्या प्रमुखाला, गसला फोन केला. मंगळवारी सकाळी बंबखान्याच्या फलकावर 'घरांत धूर-घंटा लावा'च्या जागी 'एल्सी उत्तरेला निघाली' असं झळकत होतं. ते वाचून चर्चच्या पाळकसाहेबांनी बुधवारच्या प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. गुरुवारी व्हर्लिनच्या ट्रॅक्टरच्या दुकानात गिऱ्हाईकं नटबोल्ट घ्यायला आली की आधी हात मिळवायची आणि व्हर्लिन मान खाली घालून, लाजल्यासारखं करून, पुरेपूर मिरवून घ्यायचा.

एल्सी काहीच बोलली नाही. उलट ज्याने ज्याने काही केलं, त्याच्याकडे जाऊन आभार मानून आली. व्हर्लिन मनात म्हणाला, पोरगी शहाणी आहे, वळणावर येतेय.

शनिवारी दुपारी मात्र त्याला राहवेना. एल्सी स्वयंपाकघरात सँडविच करत होती.

"काय गं, ते होकाराचं बटण दाबलंस ना? उद्या शेवटचा दिवस."

"दाबलं की. दक्षिणेला."

व्हर्लिनने खिडकीतून अंगणातल्या पाटीकडे पाहिलं. "कधी?"

"सोमवारी. तुझ्या पाटीच्या तासभर आधी. बाबा, तिथे किड्यांवर काम करणाऱ्या बाई आहेत. मी त्यांना एक प्रश्न विचारला, तर चार पानी उत्तर आलं. उत्तरेकडून टोपी आली."

"मग त्याच वेळी ओरडायचंस ना माझ्यावर!"

"सांगायलाच बाहेर आले होते. तर तू हातोडा घेऊन गुणगुणत होतास. अठरा वर्षांत तुला गुणगुणताना पाहिलं नव्हतं रे. मग माझ्याने नाही बोलवलं."

व्हर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या आनंदाचा दिवस आपण ढापला आणि तिने तो आपल्याला खुशाल वापरू दिला, याची त्याला इतकी लाज वाटली की समोरचं सँडविच त्याच्याने खाववेना. उद्या सगळ्या गावासमोर कबूल करायचं, असं त्याने ठरवलं.

रविवारी चर्चच्या तळघरात पॅनकेकची न्याहारी असते. डार्ला तव्यापाशी होती, एल्सी कॉफी वाटत होती. व्हर्लिन उठून उभा राहिला आणि काट्याने कप वाजवला.

"मला काही सांगायचंय. एल्सी उत्तरेला जात नाहीये. तिने दक्षिण निवडलंय. तिला न विचारता मी पाटी लावली आणि आठवडाभर तुमच्या शुभेच्छा लाटल्या. मला माफ करा."

कोणी काही बोलेना. ही शांतता व्हर्लिनला सोसवेना. त्याला वाटलं, एवढ्याने भागलं नाही, अजून खोल शिरायला हवं.

"असं का केलं, तेही सांगतो. मी उत्तरेला कधी नाही म्हटलंच नव्हतं. त्यांनीच मला नाकारलं. मका-बिका सगळं झूठ. तीस वर्षं खोटं बोललो. पोरीच्या जिवावर ते धुऊन काढायला निघालो होतो."

तव्यावर पॅनकेक करपल्याचा वास आला. डार्ला उलथणं हातात धरून त्याच्याकडे बघत होती.

"बावीस वर्षं," ती म्हणाली, "मी माझ्या आईला सांगतेय, हा माणूस घरासाठी शिक्षणावर पाणी सोडून बसला!"

पहिल्या टेबलावरून तिच्या आईचा आवाज आला, "मला तेव्हाच वाटलं होतं."

एल्सीने किटली खाली ठेवली. बाबाजवळ येऊन तिने त्याचा थंड हात हातात घेतला आणि म्हणाली, "अरे, हे मला आधी सांगितलं असतंस तर!"

"तर उत्तरेला गेली असतीस?"

"नाही. पण ती निळी पाटी मी स्वतः धरली असती, तू ठोकली असतीस."

व्हर्लिनचे डोळे भरून आले. तेवढ्यात गसने घसा खाकरला. तो पाळकसाहेबांकडे बघून चुळबुळत होता आणि पाळकसाहेब आपल्या ताटलीकडे.

"व्हर्लिन, बस बाबा खाली," गस म्हणाला. "एल्सीचं आम्हाला मंगळवारपासून ठाऊक होतं. ज्याच्याकडे आभार मानायला गेली, त्याला तेव्हाच सांगून आली. म्हणाली, बाबाला रविवारपर्यंत मिरवू द्या. म्हणून सगळा गाव गप्प होता."

"सगळा?" व्हर्लिनने कसंबसं विचारलं.

"सगळा," गस म्हणाला. "तुझं मात्र आजच कळलं."