एकही डाग नसलेली कादंबरी

धारवाडच्या सुभाष रोडवरील आमच्या मराठी वाचनालयात प्रेमकादंबऱ्यांची संख्या कपाटांच्या क्षमतेपेक्षा एकशे चाळीसने अधिक झाल्याचे निदर्शनास आले. तेव्हा कार्यकारिणीने एकमताने ठराव केला, की यशस्वी प्रेमकादंबऱ्या ठेवाव्यात आणि अयशस्वी रद्दीत घालाव्यात. चिटणीस या नात्याने ठराव मीच लिहिला. यशस्वी म्हणजे काय, एवढेच लिहायचे राहून गेले.

ते ठरवायला दुसरी सभा झाली. अध्यक्ष बाळकृष्णअण्णा पत्र्याचे व्यापारी. ते म्हणाले, "घरच्यांचा विरोध पायजे बघा. विरोध नसला तर ती कादंबरी नव्हं, लग्नपत्रिका." सप्तापूरचे प्राध्यापक प्रवीण सर म्हणाले, नायिका मेल्याशिवाय प्रेमाला उंची येत नाही. दोघांनीही गेल्या दहा वर्षांत एकही प्रेमकादंबरी वाचली नव्हती, त्यामुळे चर्चा अत्यंत निःपक्षपाती झाली.

शेवटी काउंटरवर पुस्तके देणाऱ्या मालतीबाई दारातूनच म्हणाल्या, "रंगून वाचलेलं पुस्तक कळतं की वो. डाग पडून परत येतं."

बाईंनी हे सहज म्हटले होते. समितीने त्याचा निकष केला. हळदीच्या बोटाला पाच गुण, तेलाच्या डागालाही पाच. चहाच्या कपाच्या वर्तुळाला दोनच, कारण चहा जांभया देतही पितात. वाचता वाचता दूध उतू गेले किंवा भात करपला असल्यास दहा, मात्र कुटुंबप्रमुखाच्या सहीचा दाखला जोडावा. लोणच्याच्या हंगामातले तेलाचे डाग निम्मे धरावेत. अश्रूंना गुण नाहीत. ते वाळतात आणि शिंकेच्या थेंबांहून वेगळे ओळखता येत नाहीत. वीस गुणांखालची कादंबरी रद्दीत.

तपासणी सुरळीत चालली होती. प्रवीण सर भिंगातून पाने पाहत, अण्णा वास घेऊन डाग प्रमाणित करत, मी आकडे लिहीत असे. आणि मग एक कादंबरी आली, जिला शून्य गुण पडले. खाकी कव्हर, आत पाने कोरी करकरीत. सतरा वेळा बाहेर गेलेली, सतराही वेळा एकाच कार्डावर. कार्ड शांताक्कांचे. त्यांचे याच रस्त्यावर भांड्यांचे दुकान आहे.

पुस्तक रद्दीत जाणार, हे मालतीबाईंनी त्यांना कळवले. शांताक्का दुकानाची चप्पल घालूनच सभेत आल्या.

"हे पुस्तक घालवू नका," त्या म्हणाल्या. "मी गॅस बंद करते, हात धुते, मग हे उघडते. डाग कुठनं पडणार?"

"प्रपत्रात गॅस बंद केल्याचा रकाना नाही," मी म्हणालो. आज ते आठवले की माझी मलाच लाज वाटते.

"एवढं काय आहे त्यात?" अण्णांनी विचारले.

"एकशे बारा पानावर तो तिला विचारतो, 'जेवलीस का?' आणि ती सांगेपर्यंत थांबतो." शांताक्कांनी पदराने खाकी कव्हर पुसले. "आमच्याकडं चाळीस वर्षं झाली, 'वाढलं का?' एवढंच विचारतात."

सभेत कोणी कोणाकडे पाहिले नाही. अण्णा कळवळ्याने म्हणाले, "अक्का, नियमाला आम्ही काय करू? तुम्हीच कायतरी सांडा की. थोडंसं. साकु, पुरे तेवढं."

शांताक्कांनी पुस्तक घरी नेले. सकाळी परत आणले तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. एकशे बारावर सांडायला त्यांचा हात धजला नव्हता. नायकाचे काका शेतजमीन मोजून घेतात, त्या त्रेसष्टाव्या पानावर त्यांनी वाटीभर दूध ओतले होते. वर हळदीची दोन बोटे, शेंगाचटणीचे तेल आणि नवऱ्याची सही. पंचवीस गुण. कादंबरी वाचली.

त्रेसष्टाव्या पानावर दूध उतू गेल्याची बातमी जुन्या हुबळीपर्यंत पोचली. प्रतीक्षायादी एक्केचाळीसवर गेली. लोक उभ्याउभ्या तेवढे एक पान वाचतात, सुस्कारा टाकतात, मग पुस्तक आठवडाभर घरी ठेवून परत करतात. 'मोजणीतील शृंगार' या विषयावर प्रवीण सरांचे व्याख्यान झाले. एका होतकरू लेखकाने तर नायिकेला वगळून तीनशे पाने नुसत्या काकांवर लिहिली. ती समितीने न तपासता विकत घेतली.

शांताक्कांचा क्रमांक सध्या अडतीसावा आहे. दर गुरुवारी येतात, "माझा नंबर आला का वो?" विचारतात आणि रिकाम्या हाताने दुकानात परततात. मध्येच नंबर देता येत नाही. तसा नियम आहे.

मला खरा राग या वाचकांचा येतो. आजवर शंभरावर माणसे काउंटरवर आली. सगळ्यांनी पान मागितले, डाग पाहिला, कोणाच्या घरचे दूध म्हणून चौकशी केली. पण त्या बिचाऱ्या कादंबरीचे नाव काय, ती लिहिली कोणी, हे एकालाही विचारावेसे वाटले नाही. परवा मी हे तावातावाने मालतीबाईंना सांगत होतो, तेव्हा त्यांनी मला एवढेच सुचवले, की ही सारी हकीगत एकदा लिहून काढा आणि शेवटपर्यंत वाचणाऱ्यांपैकी तरी कोणी विचारते का पाहा.

लिहून झाली. तुम्हीही शेवटपर्यंत आलात, आणि विचारले नाहीत.