प्रभारी कस्तुरीबैल

नॉर्वेतल्या एका डोंगरपठारावर कस्तुरीबैलांच्या कळपात एक जागा रिकामी निघाली, तेव्हा तिचा तात्पुरता कार्यभार पुरुषोत्तम हिर्लेकर यांच्याकडे देण्यात आला. तशी नोंद गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी झाली. तिच्याखाली साक्षीदार म्हणून त्यांच्या पत्नी रोहिणीबाई यांची सही आहे.

खरं म्हणजे हिर्लेकरांना कस्तुरीबैल बघण्याची काही हौस नव्हती. हौस होती रोहिणीबाईंना. त्यांनी एकतीस वर्षं आठवीच्या मुलांना भूगोल शिकवला. टुंड्रा प्रदेशाच्या धड्यात कस्तुरीबैलावर एकच ओळ होती आणि शेजारी काडेपेटीएवढं चित्र, तेही असं छापलेलं की बैल कुठे संपतो आणि बर्फ कुठे सुरू होतो ते कळू नये. दरवर्षी वर्गातलं कुणी तरी विचारायचं, की बाई, तुम्ही बघितलाय का? रोहिणीबाई नाही म्हणायच्या आणि पुढची ओळ वाचायला घ्यायच्या. असं एकतीस वेळा झाल्यावर त्या निवृत्त झाल्या आणि कस्तुरीबैल दाखवणारी सहल शोधू लागल्या.

हिर्लेकर त्यांच्या आधीच, अकरा महिन्यांपूर्वी, नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झाले होते. गावातल्या कोणत्या भागाला किती वाजता पाणी सोडायचं हे चौतीस वर्षं त्यांच्या हातात होतं. ते घरी बसले त्याच्या दुसऱ्या दिवशीही पाणी वेळेवर आलं. याबद्दल ते कुणाजवळ काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून सकाळी सहाला उठून नळाखाली हात धरून उभे राहायचे. बाकी दिवसभर बसून असायचे आणि कामाची बाई केर काढायला आली की या खुर्चीवरून त्या खुर्चीवर बसायचे. सहलीला येता का म्हणून विचारल्यावर ते म्हणाले, येतो, बॅगा उचलायला कुणी तरी हवंच.

तर त्या गुरुवारी सांगलीकडची आठ माणसं रान्हिल्ड नावाच्या वाटाड्या बाईमागून डोंगर चढत होती. रान्हिल्ड पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी बाई होती. तिच्या पाठीवर सॅक आणि गळ्यात एक जाड वही होती. निघण्यापूर्वी तिने नियम सांगितले. कळपापासून दोनशे मीटर अंतर ठेवायचं. धावायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही. हा शेवटचा नियम तिने डॉक्टर नाडगौडांकडे बघून पुन्हा एकदा सांगितला. नाडगौडा कान-नाक-घशाचे डॉक्टर होते आणि विमानतळापासून बोलत होते.

अडीच तास चढ होता. खालची बुटकी झाडं मागे पडली, मग दलदल लागली, मग नुसते दगड आणि त्यांच्यावरचं करडं शेवाळ. अधूनमधून उगवलेल्या खुरट्या झुडपांना मऊ तपकिरी लोकरीचे पुंजके अडकलेले दिसू लागले तशी रोहिणीबाईंची चाल वाढली. उन्हाळ्यात कस्तुरीबैलाची आतली लोकर गळते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी एक पुंजका काढून हिर्लेकरांच्या हातात दिला. त्यांनी तो नीट बघितला आणि खिशात ठेवला.

पठाराच्या कडेला रान्हिल्डने सगळ्यांना थांबवलं, दुर्बीण लावली, बोटांनी मोजलं, पुन्हा मोजलं आणि वही उघडली. कळप समोरच होता, पण मधे एक उंचवटा होता आणि तो ओलांडल्याशिवाय काही दिसत नव्हतं. तिने सांगितलं की आज दाखवता येणार नाही. कळप अकरांचा आहे आणि जागेवर दहाच आहेत. अपुरा कळप पाहुण्यांना दाखवू नये असा नियम आहे.

नाडगौडा म्हणाले की दहा काय आणि अकरा काय, आम्ही काही मोजायला आलेलो नाही. रान्हिल्ड म्हणाली की ती मोजायलाच आलेली आहे. मग नाडगौडांनी विचारलं की अकरावा कुठे गेला. ते कळपाने कळवलेलं नव्हतं. परत फिरायचं म्हणून सगळ्यांनी बाटल्या आत टाकल्या. रोहिणीबाई उंचवट्याकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या. त्या रडल्या वगैरे नाहीत. वर्गात प्रश्न आल्यावर त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला, इतकंच.

तेव्हा हिर्लेकरांनी रान्हिल्डला विचारलं की रिकाम्या जागेवर प्रभारी नेमता येतो का.

रान्हिल्डने वहीची मागची पानं चाळली. तशी तरतूद होती, फक्त बऱ्याच वर्षांत कुणी वापरली नव्हती. उमेदवार शांत स्वभावाचा हवा, पुष्कळ वेळ उभं राहण्याची सवय हवी आणि विनाकारण बोलणारा नको. नाडगौडांनी आपण तयार असल्याचं सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या कलमाशी येऊन थांबले. हिर्लेकर म्हणाले की व्हॉल्व्ह उघडल्यावर शेवटच्या गल्लीत पाणी पोचेपर्यंत उभं राहावं लागतं, तेव्हा उभं राहायची सवय आहे.

रोहिणीबाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि काहीतरीच काय, म्हणून समजावलं. थंडी, ब्लडप्रेशर, गुडघे, सगळं काढलं.

हिर्लेकरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला बघायचेत ना? मग मी जातो."

त्यांनी जेवणाचा डबा तिच्या हातात दिला, टोपी नीट केली, मफलर घट्ट केला आणि उंचवट्यापलीकडे गेले.

बाकीचे वर सरकले आणि पोटावर पालथे पडले. रोहिणीबाईंनी दुर्बीण लावली. एकतीस वर्षांचं ते काडेपेटीएवढं चित्र दोनशे मीटरवर जिवंत उभं होतं. खुरांपर्यंत लोंबणारे केस, कपाळावर मधोमध भांग पाडल्यासारखी शिंगं, अंगावर घोंगडी घेऊन कुणी बसावं तशी सगळी ठेवण. बैल म्हणत असले तरी तो शेळ्या-मेंढ्यांच्या जवळचा, हे त्या सवयीने पुटपुटल्या. त्यांच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, हिर्लेकर चालत होते. कळपातली सर्वांत म्हातारी गाय दोन पावलं पुढे आली. तिने त्यांचा मफलर हुंगला, मग खिसा हुंगला आणि बाजूला झाली. तिच्या आणि एका तरण्या बैलाच्या मधे एक जागा होती. हिर्लेकर तिथे जाऊन उभे राहिले. रान्हिल्डने घड्याळ बघून नोंद केली आणि वही सहीसाठी पुढे केली. मग तिने जाहीर केलं की कळप पूर्ण आहे, आता पाहुण्यांनी बघावं.

सगळ्यांनी मनसोक्त बघितलं. पहिला तासभर विशेष काही घडलं नाही. कळप चरला, बसला, पुन्हा उठला. हिर्लेकर बसायच्या वेळी बसले, उठायच्या वेळी जरा मागाहून उठले. नाडगौडा फोटो काढताना त्यांना वगळायला बघत होते आणि रान्हिल्डने त्यांना सांगितलं की अर्ध्या कळपाचा फोटो काढणं असभ्यपणाचं आहे.

एकच्या सुमाराला खालच्या वाटेने एक मोठा कुत्रा मोकळा सुटून आला. त्याचा मालक लांबून शिट्ट्या मारत होता आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. कुत्रा सरळ कळपाकडे धावला. म्हातारी गाय एकदाच फुरफुरली. कळपातली दोन वासरं मधे गेली, बाकीच्यांनी त्यांच्याभोवती पाठी टेकून कडं केलं, सगळी तोंडं बाहेर. हिर्लेकर क्षणभर कुठे वळावं ते न कळून उभे होते. गायीने त्यांना कुल्ल्याने ढकलून जागेवर आणलं.

कुत्रा कड्याभोवती फिरला. प्रत्येकासमोर थांबून तो भुंकत होता आणि पुढे सरकत होता. हिर्लेकरांसमोर आल्यावर तो पुढे सरकला नाही. कच्ची जागा त्याने बरोबर ओळखली. रोहिणीबाईंनी दुर्बीण दगडावर टेकवली. हिर्लेकरांची टोपी पडलेली होती. त्यांनी मान खाली घातली, डोकं पुढे केलं आणि उजवा पाय एकदा जमिनीवर आपटला. ते हटले नाहीत. त्यांच्या डावी-उजवीकडची दोन डोकी त्यांच्याबरोबरच खाली झाली. कुत्र्याने थोडा वेळ विचार केला आणि मालक शिट्ट्या मारतोय हे आत्ता आठवल्यासारखा तो परत गेला.

चौतीस वर्षांच्या संसारात रोहिणीबाईंनी नवऱ्याला दोनशे मीटरवरून कधी बघितलं नव्हतं. त्यांना वाटलं, हा माणूस बरा दिसतो.

साडेतीनला रान्हिल्डच्या वायरलेसवर निरोप आला. अकरावा बैल सरहद्दीपलीकडे स्वीडनमधल्या कळपात कायम झाला होता आणि इकडच्या यादीतून त्याचं नाव कमी करण्यात आलं होतं. म्हणजे कार्यभार परत घ्यायला कुणी येणार नव्हतं. वहीप्रमाणे, एक वासरू वयात येईपर्यंत प्रभारीनेच काम बघायचं होतं. त्याला राजीनामा द्यायची मुभा होती. पुढे चालू ठेवायचं असेल तर पत्नीचा ना हरकत दाखला लागत होता. कुटुंबीय म्हणून रोहिणीबाईंना वीस मीटरपर्यंत जायची परवानगी मिळाली.

त्या गेल्या. हिर्लेकर कळपाच्या कडेला आले आणि तिथेच थांबले. त्यांच्या मफलरला पाला लागला होता. रोहिणीबाईंनी विचारलं की पाय दुखतायत का. ते म्हणाले, नाहीत.

"मी निघालो तर हे दहाच उरतात," हिर्लेकर म्हणाले. "उद्या येणारी माणसं तशीच परत जातील."

"आणि खायला काय?"

"पाला. मीठ नसतं त्यात."

"डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं," रोहिणीबाई म्हणाल्या.

एक वासरू हिर्लेकरांच्या पायाशी येऊन बसलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही, फक्त वाऱ्याच्या बाजूला सरकून उभे राहिले. रोहिणीबाईंनी ते बघितलं. केर काढताना खुर्ची बदलणारा माणूस त्यांना आठवला आणि त्या माणसाला पुन्हा त्या खुर्चीवर नेऊन बसवण्याचा त्यांना एकदम कंटाळा आला.

एकटी जाशील ना, असं हिर्लेकरांनी विचारलं. त्या म्हणाल्या की विमानात लोक बसवतात आणि उतरवतातही, आपल्याला फक्त जागेवर राहायचं असतं. मग त्यांनी पर्समधून ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पाकिटं काढली, दगडावर ठेवली आणि सकाळच्या आणि रात्रीच्या कोणत्या ते दोनदा सांगितलं. परत येऊन त्यांनी दाखला लिहून दिला. हरकत नाही असं लिहिल्यावर पेन थोडं थांबलं. खाली त्यांनी आणखी एक ओळ घातली, की दर महिन्याला एक फोटो पाठवावा. रान्हिल्डने ती अट मान्य असल्याचा शिक्का मारला.

उतरताना रोहिणीबाईंची सॅक नाडगौडांनी घेतली. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं की वहिनी, उरलेली सहल पूर्ण करणार ना. रोहिणीबाई म्हणाल्या, करणार, अजून दोन धबधबे राहिलेत.

गावी परतल्यावर लोकांनी चौकशी केली. हिर्लेकर दिसत नाहीत, म्हणाले. रोहिणीबाई सांगायच्या की ते डोंगरावर आहेत, कळपात. लोक तब्येतीबद्दल विचारायचे. त्या म्हणायच्या की ऑगस्टमध्ये जरा सर्दी झाली होती, आता अंगावर लोकर आलीय. शेजारच्या बापटवहिनींना यात एवढंच खटकलं की गणपतीतसुद्धा रजा मिळू नये. जुन्या शाळेने रोहिणीबाईंना एकदा मुलांसमोर बोलायला बोलावलं. नेहमीचा प्रश्न आला तेव्हा रोहिणीबाई म्हणाल्या की हो, बघितलाय, आणि तास संपल्याची घंटा होईपर्यंत बोलत होत्या.

फोटो दर महिन्याला येत गेले. पहिल्या दोन फोटोंत मफलर ओळखू यायचा. तिसऱ्यात बर्फ पडलेलं होतं.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. रोहिणीबाई नोव्हेंबरचा फोटो घेऊन नगरपालिकेत गेल्या. खिडकीवर चौगुले नावाचे कारकून होते. त्यांनी हिर्लेकरांच्या हाताखाली दोन वर्षं काढली होती. ते म्हणाले की नियमाप्रमाणे पेन्शनर समोर हजर हवा. रोहिणीबाईंनी सांगितलं की त्यांना जागा सोडता येत नाही. चौगुल्यांनी साहेबांचा स्वभाव आठवून मान डोलावली. मग पुनर्नियुक्ती झाली आहे का, या रकान्यात काय लिहायचं ते विचारलं आणि सांगितल्याप्रमाणे लिहिलं: कस्तुरीबैल, कंसात प्रभारी.

मग त्यांनी चष्मा वर करून फोटो जवळ धरला. पांढऱ्या पठारावर अकरा जण दाटीने उभे होते, केसांवर बर्फ, तोंडं बाहेर. चौगुल्यांनी एकेकावर पेन्सिल ठेवली.

"यातले साहेब कोणते?"

"ते मलाही आता सांगता येत नाही," रोहिणीबाई म्हणाल्या. "पण मोजून बघा. ते नसते तर दहा भरले असते."

चौगुल्यांनी मोजलं. खात्रीसाठी उलट्या बाजूनेही मोजलं. मग दाखल्यावर हयात असा शिक्का मारला, सही केली आणि फोटो टाचणी लावून फाइलला जोडला. फाइल बंद करताना त्यांनी विनंती केली की पुढच्या वर्षी फोटो काढताना साहेबांना जरा वेगळं उभं राहायला सांगा, म्हणजे काम लवकर होईल.

रोहिणीबाईंनी पर्स बंद केली.

"वेगळं उभं राहायची पद्धत नाही त्यांच्यात," त्या म्हणाल्या.