तुमचंच आहे, घ्या!

इर्बिद शहरातल्या अबू कुतैबांच्या घरी पाहुण्याने कशाचीही तारीफ करायची सोय नव्हती. "तुमचंच आहे, घ्या," असं ते लगेच म्हणत. पाहुणा रीतीप्रमाणे "नको, नको" म्हणे आणि वस्तू जागच्या जागी राही. तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

त्या शुक्रवारी तेलाचे व्यापारी हाजी मुफ्लिह आले. कॉफी झाली, बोलणं संपलं, तेव्हा काहीतरी बरं बोलावं म्हणून त्यांनी शेजारचं जाडजूड पुस्तक उचललं.

"वा! काय देखणं पुस्तक आहे!"

"तुमचंच आहे, घ्या."

"छे, राहू द्या."

"घ्याच!"

"अहो, मला काय करायचंय त्याचं?"

"अल्लाची शपथ, पुस्तकाशिवाय उंबरा ओलांडायचा नाही!"

आता शपथच घातल्यावर हाजींचा इलाज खुंटला. ते पुस्तक काखेत मारून गेले.

संध्याकाळी मुलगी लुजैन ते पुस्तक घरभर शोधत फिरली. संगणकाची भाषा शिकवणारं याहून चांगलं पुस्तक नाही, असं तिचे सगळे शिक्षक म्हणत. मंगळवारी अम्मानला नोकरीची परीक्षा होती आणि पुस्तक सोबत न्यायची परवानगी होती.

"देऊन टाकलंत? बाबा, पुस्तक दुसरं मिळेल हो. पण समासात मी दोन वर्षं लिहिलंय, ते कुठून आणू?"

ती रडली नाही, म्हणून अबू कुतैबांना जास्त लागलं.

"मागून आणा," बायको म्हणाली.

"दिलेलं परत मागू? गावात तोंड कुठे दाखवू?"

"मग त्यांच्या घरी जा आणि पुस्तकाची तारीफ करा. 'घ्या' म्हणाले, की घ्यायचं. कळलं?"

शनिवारी ते गेले. पुस्तक समोरच होतं.

"वा, काय देखणं पुस्तक आहे!"

"तुमचंच आहे, घ्या," हाजी म्हणाले.

"छे, राहू द्या," अबू कुतैबा म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

"बरं, राहू दे," असं म्हणून हाजींनी पुस्तक जवळ ओढून घेतलं.

घरी बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. लुजैन बोलत होती, पण फक्त जेवायला वाढताना.

सोमवारी अबू कुतैबा पुन्हा गेले आणि बसलेसुद्धा नाहीत. "हाजी, पुस्तक परत द्या. ते मुलीचं आहे. मी द्यायला ते माझं नव्हतंच." बोलताना त्यांचे कान लाल झाले होते.

हाजींनी आतून पुस्तक आणलं. "चाळीस पानं वाचली मी. शपथेवर दिलेली भेट न वाचता ठेवणं बरं दिसेना. छापलेलं काही कळत नाही, पण समासात लिहिलंय ते सगळं कळतं. कुणी लिहिलंय?"

"लुजैनने."

"वा! काय हुशार मुलगी आहे!"

अबू कुतैबांचं तोंड उघडलं. नेहमीचे शब्द जिभेवर आले. ते त्यांनी कसेबसे गिळले.

"हो," ते म्हणाले, "माझी आहे." आणि पुस्तक छातीशी धरून ते कॉफी न घेताच बाहेर पडले.