माशी की पतंग

परकारचाचांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात: माशी आणि पतंग. नवा माणूस भेटला की ते त्याच्याशी गोड बोलतात आणि तो लिफ्टमध्ये शिरताच निकाल देतात.

चाचा शारजात माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे रत्नागिरीचे. आधी अल ऐनला मेंढ्यांच्या फार्मवर होते, आता इथल्या खजुराच्या गोदामात कीड मारायचं काम करतात. म्हणजे त्यांच्या सिद्धांताला अनुभवाचा आधार आहे, जो विद्वानांच्या सिद्धांतांना असतोच असं नाही.

"माशी मेंढीच्या नाकात अळ्या सोडते," ते समजावतात. "अळी डोक्यात राहते, खाते, वाढते. पण मेंढीला मारत नाही. मेंढी मेली तर राहील कुठं? एक दिवस मेंढी शिंकते, तेव्हा ही बाहेर. पतंगाला, म्हणजे त्या खजुरावरच्या पाखराला, तेवढीही लाज नाही. खजुरात अंडी घातली, पेटीची माती केली, यल्ला, पुढचं गोदाम!"

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी सलग तिसऱ्या वर्षी स्वतःच्याच सत्काराचा ठराव मांडला, तेव्हा चाचा पुटपुटले, "माशी. पण मंडळ मरू देणार नाही." दुबई मरीनातला फ्लॅट घ्या म्हणून मागे लागलेला टायवाला एजंट आला, तेव्हा नुसतं म्हणाले, "खिडकी लावून घे."

चाची गेल्यापासून ते एकटेच आहेत. मुलगा साजिद तिकडे दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहतो. "अब्बा, रूम रिकामी आहे, या ना," असं तो दर रविवारी फोनवर म्हणायचा. चाचा "इन्शाल्ला" म्हणायचे, म्हणजे नाही.

"जा की, चाचा," मी एकदा म्हटलं.

"आणि पोराला शिंक येईपर्यंत राहू?"

मी हसलो. ते दार लावून आत गेले.

मागच्या महिन्यात साजिदचा वेगळाच फोन आला. रव्याला जाळी लागलीय, किचनभर पाखरं उडतायत, कुणाला बोलवू?

"कुणाला म्हणजे? मी मेलो काय?" चाचा पिशवी घेऊन निघालेच.

संध्याकाळी परतले ते दारातच थबकले. "सून टापटिपीची. सगळं किचन लख्ख. रव्याचा एकच डबा उघडा, आणि त्याचं झाकण घासून, पुसून बाजूला ठेवलेलं."

"म्हणजे मुद्दाम?"

"मला काय विचारतोस? जेवायला बसवलं, बिर्याणी वाढली."

"पण कीड गेली ना?"

चाचा किल्ल्या चाचपत राहिले. "कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात दोन कोष दिसले. ते ठेवलेत तसेच. पुढच्या रविवारी बघतो म्हणालो."