खरवत पाठवा!

मंडळी, लाकूड कितीही खडबडीत असो, या धाकलूच्या हाती आलं की त्याचं लोणी झालंच म्हणून समजा! हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढची हकीकत ऐकून तुम्ही भलताच समज करून घ्याल.

लग्नानंतर सात वर्षांनी माझ्या रुक्माला मुलगी झाली, अणशीला, माहेरी. निरोप घेऊन खुद्द सासरे आमच्या गावी, गुंदला आले. मी अंगणात बसून नुसता आभाळाकडे बघत राहिलो. तिथं मला पाळणा दिसला! म्हटलं, "मामा, बारशाला पोरगी निजंल ती बापानं केलेल्या पाळण्यात!"

"करा जावय," सासरे म्हणाले. "पन माज्या नातीला येक कुसळ जरी टोचलं, तर तुमचा पाळणा चुलीत आन् आमचा जुना आढ्याला!"

हा माणूस उभ्या उभ्या स्वप्नं बघतो, असं त्यांचं माझ्याविषयी मत आहे. मत खोटं नाही, पण सासऱ्याने ते चारचौघांत बोलू नये.

मी फणसाच्या दोन लांब फळ्या कापल्या. आता त्या घासायच्या कशाने? एका दिवसात झिजून जाणारं काही कामाचं नव्हतं. मी परीक्षाच घ्यायची ठरवली! दोन्ही फळ्यांवर कोळशाने तीन-तीन आडव्या रेघा मारल्या आणि चार-चार खण पाडले. पहिल्या खणात खानापुराहून आणलेला वाळूचा कागद. दुसऱ्यात कानस. तिसऱ्यात खरवतीचं ओलं पान आणि चौथ्यात सावलीत वाळवलेलं. खरवत हे आमच्या रानातलं झाड. पान इतकं खरखरीत, की त्याने तोंड पुसलं तर न्हाव्याची गरज नाही!

आमच्या दमट हवेत कागदाची वाळू दुपारपर्यंत गळून गेली. कानशीने लाकडाला ओरखडे काढले. ओलं पान फाटलं. वाळलेलं मात्र टिकलं, आणि तो खण असा गुळगुळीत झाला की माशी बसली तर घसरावी! पण माझ्याकडची वाळकी पानं तेवढ्यात संपली. सासऱ्यांच्या परसात मात्र खरवतीचं भलंमोठं झाड, आणि पडवीत वाळक्या पानांची चळत. आमचा शेजारी लखू अणशीलाच निघाला होता.

"लखूभाऊ, मामांना सांगा, खरवत पाठवा! पाळण्याला पायजे, झटक्यान!"

लखूच्या तोंडात विडा होता. त्याने मान हलवली. तो विडा थुंकेपर्यंत मी थांबायला हवं होतं!

पुढे अणशीत काय झालं ते मला नंतर कळलं. विड्यातून खरवतीची करवत होऊनच बाहेर पडली.

"करवत?" सासरे उडालेच. "बारसं चार दिसांवर, आन् अजून लाकूडच कापलं न्हाई? कान्हू, लाडू, करवत घिऊन पळा! तेला इचारत बसू नका, सपान बघत आसल. रेघा दिसतील तितं कापा!"

मी खरंच स्वप्न बघत होतो. दुपारी फळ्यांशेजारी जरा आडवा झालो, तो डोळा लागला. आमची काळी नदी संथ वाहत होती. पाण्यावरून माझा पाळणा तरंगत चालला होता, आत लेक हसत होती, आणि काठावरची झाडं वाकून पाळणा आपोआप घासत होती. खर्र, खर्र, खर्र! इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"भावजी, उठा! झालं काम!"

समोर रुक्माचे चुलतभाऊ, कान्हू आणि लाडू, घामाने डबडबलेले. मधे ही एवढी करवत. आणि माझ्या दोन फळ्यांचे आठ तुकडे!

"तुमच्या रेघेच्या केसभर बी भाईर गेलो न्हाई," लाडू अभिमानाने म्हणाला.

मला रडूच आलं. गुळगुळीत खणावरून हात फिरवत मी तसाच बसून राहिलो. दुसरं फणसाचं लाकूड नव्हतं आणि दिवसही उरले नव्हते.

बारशाला मी चोरासारखा मागल्या दाराने शिरलो. आढ्याला जुना पाळणा टांगलेला. त्याखाली पाटावर, नव्या टोपड्यात, दुपट्यात गुंडाळलेली माझी लेक! मी तिला उचललं. केवढी जड! डोळे भरून आले.

"बाय गो, तुज्या बापाचं चुकलं," मी तिला छातीशी धरून म्हणालो. "फुडल्या सालात तुला सागवानी पाळणा करीन!" मग गाल लावला. थंडगार, गुळगुळीत. "मामा, कशी घट्ट भरलीय बघा! आन् शानी किती, रडत सुदिक न्हाई!"

दारात रुक्मा उभी होती, आणि तिच्या खांद्यावर एक इवलंसं डोकं.

"अवो, ठेवा त्यो खाली. वरवंटा हाय त्यो. बारशाला पोरीआदी तेला निजवत्यात न्हवं!"

"आसू द्या," सासरे म्हणाले. "आठ तुकड्यांत वरवंट्यापुरता पाळणा हुईल की!"

सगळं घर हसून लोटपोट झालं. रुक्माने हसत हसत खरी लेक माझ्या हातांत दिली. वजनाने वरवंट्याच्या निम्मीसुद्धा नव्हती, आणि दिल्याबरोबर तिने जो टाहो फोडला, तो काही केल्या थांबेना. मी मात्र जागच्या जागी हरखून गेलो. निदान हा वरवंटा नाही, एवढी तरी खात्री पटली!