काठोकाठ बाटल्या

"मॅडम, थेंबभर पाणी इकडचं तिकडे होणार नाही!" सुकलालने छाती ठोकून सांगितलं होतं.

कापडाचा लूम बंद पडल्यावर सहा महिने घरी बसलेला हा गडी कॉलेजात हंगामी शिपाई म्हणून चिकटला होता. पाण्यावर संशोधन करणाऱ्या सुवर्णा मॅडमचं हे काम पार पडलं की नोकरी कायम! काम तरी काय? उनाईच्या देवळातल्या गरम कुंडातलं पाणी बारा बाटल्यांत भरून आणायचं. त्यातल्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण मोजलं, की पाणी कुठे पडलं, कुठे मुरलं, सगळं कळतं. पाण्याची जन्मपत्रिकाच म्हणा ना!

बाटल्या काठोकाठ हव्यात, आत बुडबुडाही नको. सुकलालने तशाच भरल्या. रविवारी कॉलेज बंद, म्हणून लिंबायतच्या चाळीतल्या आपल्या खोलीत देव्हाऱ्याखाली ठेवल्या. सोमवारी पोचवल्या. काठोकाठ!

महिन्याने मॅडम कागद फडकवत धावतच आल्या. "सुकलालभाऊ, कमाल झाली! या पाण्यात निम्मी तापी आहे! तापी जमिनीखालून उनाईला जाते! परिषदेत मी हेच वाचणार!"

सुकलाल तरंगतच घरी पोचला. "सरला, तापी उनाईले जास! आपल्या बाटल्यांनी शोध लावला!"

त्याची बायको सरलाबाई भाकरी थापत होती. "त्या देव्हाराखालन्या? उनाईमायनं तीर्थ ना ते! मी चाळीतल्या बायासले वाटं."

"वाटं?"

"मंग! नि तीर्थनी बाटली अर्धी ठेवतस का कोनी? नळनं पानी टाकी काठोकाठ भरी दिधं!"

शहराच्या नळाला पाणी तापीचंच! गप्प बसलं तर नोकरी कायम, पण भर परिषदेत मॅडमची फजिती. बोललं तर पुन्हा घरी! तो तसाच सायकलवर कॉलेजात गेला आणि डोळे मिटून सगळं ओकून मोकळा झाला.

मॅडमनी कागदावरचे आकडे पुन्हा पाहिले. मग टाळी वाजवून ओरडल्या, "म्हणजे तपासणीने तुमचा नळसुद्धा पकडला! पद्धत पक्की आहे! उद्याच उनाईला जा. परत भरा."

"आणि नोकरी कायम करायचं, मॅडम?"

"करू की! बाटल्या घरी नेल्या नाहीत तर!"

सुकलालने घरी येऊन अभिमानाने सांगितलं, "कुठलं पाणी कुठून आलं, सगळं कळतं मॅडमना!"

"इतलं समजस?" सरलाबाईने रिकामी कळशी त्याच्यापुढे आदळली. "मंग दोन दिवसपाईन आपला नळनं पानी कोठे गयं, ते इचारा!"