रानमांजराचे दात

सांगून ठेवते, काडतुसं बनवणारे कारखाने सगळे ढ आहेत! शंभर वर्षं तीच पितळी पुंगळी, मानेखाली तोच उतरता खांदा, जणू दिवसभर लाकडं वाहून आलेला माणूस! मी मात्र पॅनकेकच्या दुकानात, सिरपनं चिकट झालेल्या कागदी रुमालावर अशी पुंगळी काढली की बघत राहावं. पोट सरळ, खांदा शिपायासारखा ताठ. त्यामुळे आत बंदुकीच्या दारूला जागा जास्त. दारू जास्त म्हणजे गोळी जोरात. एवढं साधं! आणि हे त्या मोठमोठ्या इंजिनियरांना सुचू नये?

आमच्या मोंटानात असल्या घरगुती काडतुसाला रानमांजर म्हणतात. दुकानात मिळत नाही, कुणी विचारत नाही, ज्यानं जन्माला घातलं त्यानंच पोसायचं. आमच्या ब्लेन्स क्रॉसिंगच्या बंदूक क्लबात एक काचेचं कपाट आहे. गावातल्या माणसांची रानमांजरं तिथे ओळीनं उभी असतात, प्रत्येकाच्या पायाशी नावाची चिठ्ठी. लहानपणी मी त्या काचेला नाक लावून उभी राहायचे. चर्चमध्ये मला कुणी कधी गप्प बसवू शकलं नाही, पण त्या कपाटासमोर आपोआप आवाज जायचा. एवढंसं पितळ, पण कुणीतरी ते नुसतं डोक्यातून काढून जगात आणलेलं!

तर मला तिथे जायचं होतं. आणि नुसतं कपाटात नाही, अँब्रोस टीग आजोबांच्या दुकानात. टीग आजोबा म्हणजे आमच्याकडचे बंदुकांचे डॉक्टर. लांबलांबून लोक बंदुका दुपट्यात गुंडाळून त्यांच्याकडे आणतात, तान्हं बाळ आणल्यासारख्या. माझा रुमाल बघून त्यांनी मामाच्या जुन्या बंदुकीचं चेंबर, म्हणजे काडतूस जिथे बसतं ते घर, माझ्या मापानं कापून दिलं. बोलले फक्त "बरं." त्यांचं "बरं" मिळायला माणसं वर्षं घालवतात!

अडचण एकच. मी शाळा सोडलेली, आणि आईनं मात्र मला सोडलेलं नव्हतं.

"ऐक इंगे," आई म्हणाली, "शनिवारी क्लबात सगळ्यांसमोर तुझ्या काडतुसानं कड्यावरची लोखंडी थाळी वाजव. वाजली तर टीगना सांगते, पोरगी शिकायला घ्या. नाही वाजली तर सोमवारी शाळेची बस."

"बस चालवतो कोण? मी!" टोर्वाल मामा तोंडातलं सॉसेज सांभाळत म्हणाला. "तुझ्यासाठी पुढची सीट पुसून ठेवतो."

"पुसू नकोस," मी म्हटलं. "धूळ बसू दे तिच्यावर!"

कामाला लागले. जुन्या पुंगळ्यांना नवा आकार द्यायचा तर त्या माझ्या चेंबरात घालून बार काढायचा. आतून दाब आला की पितळ फुगतं आणि चेंबरच्या साच्यात जाऊन बसतं. पण दर वेळी खरी गोळी कशाला वाया घालवायची? म्हणून आमच्याकडची जुनी माणसं चिमूटभर दारूवर चक्क रवा ठासतात! आईचा सकाळच्या लापशीचा डबा फडताळात होताच. मी तो उचलला, मामाला घेतलं आणि मागच्या अंगणात गेले. नळीचं तोंड आभाळाकडे केलं.

ठुस्स!

बंदुकीचा मागचा बोल्ट ओढला. पुंगळी तळहातावर पडली, कोमट, अंड्यासारखी. आणि मी बघतच राहिले. आत गेली तेव्हा खांदे पाडलेली होती, बाहेर आली ती छाती काढून! माझा रुमाल, माझी रेघ, पण आता हातात धरता येणारी. "ही वस्तू सकाळी जगात नव्हती, मामा!" मी म्हटलं. मामानंही टोपी काढली. तो फक्त मयतीला टोपी काढतो.

मग काय, हात थांबतात होय? ठुस्स! ठुस्स! ठुस्स! डबा निम्मा झाला, अंगणात धुराचा वास, आणि मी विचार करतेय की कपाटातल्या चिठ्ठीवर नाव काय टाकायचं.

"सोल्वी! अगं सोल्वी!" कुंपणापलीकडून शेजारच्या हॉफ मावशी आईच्या नावानं किंचाळल्या. "तुझी पोरगी माझ्या गोधडीवर नाश्ता उडवतेय!"

वारा कुठल्या दिशेला आहे ते मी बघितलंच नव्हतं. चर्चच्या सोडतीसाठी बायकांनी अख्खा हिवाळा घालून शिवलेली पांढरी गोधडी पलीकडे दोरीवर वाळत होती. पांढरी होती, म्हणजे. आता तिच्यावर भाजलेल्या काळ्या रव्याचा पाऊस पडून ती एखाद्या चित्त्याच्या कातड्यासारखी दिसत होती!

"मावशी, झटकलं की जाईल!" असं म्हणत मी कुंपणावरून उडी मारली आणि झटकलं. रवा गेला नाही, काजळी मात्र पसरली. चित्त्याचं अस्वल झालं.

"हात लावू नकोस!" मावशी ओरडल्या.

"मग ओरडता कशाला, धुवा ना!"

"ही भाषा? शाळा सोडल्यावर पोरी अशाच होतात!"

आता माझं डोकं फिरलं. "गोधडीला शाळेत कुणी पाठवलं होतं? तीही काळीच झाली ना!" मी म्हटलं. याला काही अर्थ नव्हता, पण रागात मला अर्थ सुचत नाही, फक्त आवाज सुचतो.

तेवढ्यात आई कामावरून आली. आई दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. आमच्या अर्ध्या तालुक्याचं हसू तिच्या हातचं आहे. तिनं आधी गोधडीकडे बघितलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं गोधडी उचलली, टबात घातली आणि हॉफ मावशींना म्हणाली, "उद्या पांढरी मिळेल." आणि मिळाली! कशी, ते मला विचारू नका. मी रात्रभर नाही, पण झोप लागेपर्यंत तरी घाबरून पडून होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दाबयंत्र बसवलं आणि पुंगळ्यांच्या मानेत गोळ्या बसवायला घेतल्या. खटाक! खटाक! माझा हात जोरात चालतो. आई चहाचा कप घेऊन मागे उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"गोळ्या बसवतेय. दिसत नाही?"

तिनं तयार काडतूस उचललं आणि टेबलाच्या काचेवर हळूच गडगडवलं. गोळीचं टोक डुलत होतं, बारमधून घरी निघालेल्या माणसासारखं.

"वाकडी बसलीय."

"डोळ्यांना दिसतंय तरी का!"

"हा दात असता," आई म्हणाली, "तर माणूस पुढच्या आठवड्यात शिव्या देत माझ्या दारात असता."

"मग तूच बसव!"

बोलून चुकले. आईनं कप ठेवला, चष्मा चढवला आणि बसली. "मदत करत नाहीये मी," ती म्हणाली. "मला वाकडं बघवत नाही, एवढंच." आणि तिनं लीव्हर असं खाली आणलं, जसं झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं. आवाजच नाही! गोळी जाऊन मानेत बसली ती हिरडीतून उगवल्यासारखी. 

पण मी हट्टी. माझी वाकडी काडतुसं मी टाकली नाहीत. काडतुसांच्या डब्यात एक ओळ माझी, एक आईची.

शनिवारी क्लबाच्या मैदानावर अख्खं गाव! समोर कड्यावर ती थाळी, एवढ्या लांबून शर्टाच्या बटणाएवढी. मामानं डबा हातात दिला.

"सगळ्यात पुढचं काडतूस साधं आहे, कारखान्याचं," तो कानात म्हणाला. "नळी धुतलीय, ती थोडी मळली पाहिजे. ते इथे मातीच्या बांधात झाडून टाक, मग तुझी. तुझ्या चेंबरातून साधंसुद्धा फुगून तुझ्याच आकाराचं बाहेर येईल, एक पुंगळी फुकट!"

"कळलं."

कळलं होतं हो! पण क्लबाचा सेक्रेटरी प्रूइट नेमका तेव्हाच आला. "काय इंगे, आज बंदुकीतून काय वाढणार? लापशी?"

सगळे हसले.

"तुमच्या कपाटात जागा करा आधी!" मी ओरडले. न बघता पहिलं काडतूस कोंबलं, आडवी झाले, थाळीवर नेम धरला आणि रागारागात घोडा दाबला.

धडाम! मग शांतता. ती शांतता किती लांब असते, ते आडवं पडलेल्यालाच कळतं. आणि मग कड्यावरून, एखाद्या लांबच्या देवळातून यावा तसा आवाज आला: तण्ण!

मैदान उठलं! टोप्या उडाल्या. टीग आजोबांनी वाकून पुंगळी उचलली, उन्हात धरली, बोटानं खांदा चाचपला. "बरं," ते म्हणाले. आणि थोडं थांबून पुन्हा, "बरं." दोनदा! प्रूइट कपाटाची किल्ली शोधायला लागला. आई डोळे पुसत होती.

फक्त मामाचा चेहरा दह्यासारखा पांढरा. "इंगे," तो पुटपुटला, "मातीचा बांध... ते साधं होतं गं!"

 थाळी कारखान्याच्या काडतुसानं वाजवली होती. रिकामी पुंगळी तेवढी माझी होऊन बाहेर आली होती!

"गप्प बस," मामानं चिमटा काढला. "कुणाला कळणार आहे?"

मी गप्प बसलेही असते. पण लोक टाळ्या वाजवत होते. कुणाला? त्या ढ, खांदे पाडलेल्या काडतुसाला! माझं रानमांजर डब्यात बसलेलं आणि हार भलत्याच्याच गळ्यात! डोकं फिरलंच.

"ती गोळी माझी नव्हती!" मी ओरडले. "ते दुकानातलं होतं! थांबा, माझी अजून बघितलीच नाही तुम्ही!"

टाळ्या थांबल्या. आईनं कपाळाला हात लावला. टीग आजोबांनी नुसती मान हलवली: झाड तुझी गोळी.

माझ्या ओळीतलं पहिलं. धूळ, थाळीच्या डावीकडे. दुसरं. धूळ, उजवीकडे. तिसऱ्याला कुठेच काही नाही, ते बहुधा शेजारच्या राज्यात गेलं. मला शाळेच्या बसचा वास यायला लागला. मग आईची ओळ.

तण्ण!

पुढचं. तण्ण! पुढचं. तण्ण! मी स्वतः झाडत होते आणि माझ्याच अंगावर काटा येत होता. गोळी सुटली की थाळी तिची वाटच बघत असल्यासारखी.  प्रूइट तोंड उघडं टाकून उभा. माझा रुमाल, माझी रेघ आणि आईची बोटं, आणि कडा घंटेसारखा वाजतोय!

टीग आजोबांनी दोन्ही ओळींतलं एकेक काडतूस घेतलं आणि गाडीच्या काचेवर गडगडवलं. "हे कुणी बसवलं?"

"मी."

"आणि हे?"

मी बुटाकडे बघितलं. "आईनं."

टीग आजोबांनी आईसमोर टोपी काढली. "बाई, काय काम करता?"

"कवळ्या बनवते."

"तरीच!" त्यांनी बोटानं स्वतःचे दात ठोकले. "हे तुमचेच का?"

आईनं वाकून नीट बघितलं. "वरचे माझे. खालचे नाहीत. म्हणून खालचे वाजतात."

कपाटात माझं रानमांजर उभं राहिलं. प्रूइटनं स्वतः काच पुसली. मी नाक लावून बघत होते, श्वास आत धरून, आणि मागून टीग आजोबांचा आवाज आला, "सोमवारी आठला दुकानात या."

"येते!" मी उडीच मारली.

"तू नाही. त्या."

आई हसली. "आणि पोरीचं काय?"

"डोकं चांगलंय. हात तापट आहे. तुमच्या हाताखाली टाका."

झालं! आता आठ ते पाच आई माझी मुकादम. "इंगे, हळू. इंगे, पुन्हा. इंगे, हे वाकडं आहे." दुपारी डबा समोरासमोर, संध्याकाळी एकाच गाडीतून घरी, आणि घरी गेल्यावर भांडी कुणाची? शाळेबद्दल मी लाख वाईट बोलले असेन. पण एक सांगते, तिथे आई नव्हती!